सावडीचं गॅरेज

मांगरात, पडवीत नाहीतर भाटातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी गाडी पुन्हा चालती करणाऱ्या, किंवा नवीच बांधायला घेतलेल्या वाचकांची पत्रं या खेपेला पुष्कळ आली. निम्मी पत्रं नट-बोल्टची होती आणि निम्मी माणसांची: कोणाला बोलवायचं, कितीदा बोलवायचं, हत्यार मागितलं तर द्यायचं की नाही. आपल्याकडे लावणीला सावड असते. आज चार जण तुमच्या कुणग्यात, उद्या तुम्ही त्यांच्या. सावडीत दिवस मोजले जातात आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षं चालते. गॅरेजातही तेच धोरण धरून उत्तरं दिली आहेत.

अँबॅसडरचं इंजिन उतरवायचं आहे. मांगराच्या वाशाला चेन पुली बांधली तर चालेल का? मदतीला मित्र भरपूर आहेत, किती जणांना बोलावू?
— एक वाचक, शिवोली

वाशाला मुळीच बांधू नका. वासे कौलांचा पसरलेला भार पेलायला असतात. एकाच जागी टांगलेलं वजन त्यांना झेपत नाही. गिअरबॉक्ससकट हे धूड दोनशे किलोच्या वरच धरा. चिऱ्याच्या भिंतीवर नुसता टेकवलेला लोखंडी बीमही धोक्याचा, कारण ओढ तिरकी पडली की वरचा चिरा सरकतो. चाकांची इंजिन क्रेन भाड्याने आणा किंवा गटातल्या कोणाकडे असेल तर मागून घ्या. मांगराची जमीन मातीची असेल तर क्रेनची चाकं रुततात आणि इंजिन हवेत असताना ती कलते. म्हणून खाली १८ मिमीचा प्लायवूड किंवा जाड पत्रा आधीच अंथरा.

मित्र चारच बोलवा. एक क्रेनवर, एक इंजिनाच्या पुढच्या टोकाला, एक गिअरबॉक्सच्या शेपटीला, आणि चौथा कशालाही हात न लावता सगळीकडून बघणारा. ‘वर’, ‘खाली’, ‘पुढे’ हे एकट्या चौथ्याने बोलायचं. ‘थांब’ मात्र कोणीही म्हणू शकतो, आणि ते ऐकल्यावर का म्हणून विचारत न बसता हात थांबले पाहिजेत. आठ-दहा जण जमले की प्रत्येकाला हुकूम सोडायचा असतो आणि बोटं चेंगरतात ती अशाच वेळी.

सुटी करायची कामं आदल्या दिवशी एकट्याने उरकून ठेवा. मित्रांचा रविवार नट सोडवण्यात घालवू नका. बॅटरीची अर्थची केबल आधी काढा. मग पाणी आणि ऑईल सोडा. बॉनेटच्या बिजागऱ्यांभोवती पेन्सिलीने खूण करून दोघांनी बॉनेट उतरवा. रेडिएटर, सायलेन्सरचा पुढचा पाईप, कार्ब्युरेटरच्या केबली, स्पीडोमीटरची केबल, क्लचचं लिंकेज हे सगळं सुटं करा. प्रोपेलर शाफ्टच्या मागच्या फ्लँजवर दोन्ही बाजूंना मिळून एक छिन्नीची खूण करा, नाहीतर परत बसवताना शाफ्ट फिरून बसतो आणि गाडी वेगात थरथरते. शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढलात की शेपटीतून ऑईल गळतं. तिथे प्लॅस्टिकची पिशवी घालून जुन्या ट्यूबच्या रबराने आवळा. माउंटिंगचे बोल्ट सर्वांत शेवटी, साखळी ताणलेली असताना.

साखळी इनटेक मॅनिफोल्डला किंवा रॉकर कव्हरच्या स्टडला अडकवू नका. त्यांची ताकद तेवढी नसते. इंजिन दोन इंच उचललं की थांबा आणि चौथ्याला पूर्ण फेरी मारू द्या. दहांतल्या आठ वेळा याच टप्प्यावर विसरलेली गोष्ट सापडते: इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी. ती खालून जाते, तिच्यावर तेल-माती बसलेली असते आणि ती दिसत नाही. ओढून तुटली तर नंतर स्टार्टर कुरकुरतो आणि माणूस बॅटरीला दोष देत बसतो.

आम्ही पाच जण मिळून सामाईक हत्यारं घ्यायचं म्हणतो. सुरुवात कशापासून करावी? आणि भांडणं होणार नाहीत असं काही?
— एक वाचक, मडगाव

रोज लागणारे पाने, सॉकेट, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड ज्याची त्याची असावीत. ती सामाईक ठेवली तर दर आठवड्याला १० नंबरचा सॉकेट हरवलेला. वर्षातून चारदा लागणारी आणि एकट्याला न परवडणारी हत्यारं तेवढी सामाईक घ्या. आमच्या मते क्रम असा: आधी तीन टनी जॅक स्टँडच्या दोन जोड्या, मग क्लिकवाला टॉर्क रेंच (ठरल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना), मग इंजिन क्रेन, १२ टनी हायड्रॉलिक प्रेस आणि शेवटी मिग (गॅस आणि तारेचं) वेल्डिंग मशीन. मशीनचा मोह सगळ्यांना आधी होतो, पण एका वर्षात ते ज्याच्या घरी ठेवलं त्याचंच होऊन बसतं.

एक वही ठेवा. रकाने पाच: तारीख, वस्तू, कोणाकडे गेली, कोणत्या वाराला परत, आणि परत आली तेव्हाची अवस्था. शेवटच्या रकान्याचा लोकांना संकोच वाटतो, पण भांडणं टळतात ती त्याच्यामुळेच. फोनवरचे निरोप चार दिवसांत वर सरकून जातात. वही भिंतीला दोरीने टांगलेली असते.

काही हत्यारांचे नियम वहीच्या पहिल्या पानावरच लिहा. टॉर्क रेंच काम झाल्यावर सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, कारण ताणलेली स्प्रिंग महिनाभर तशीच राहिली तर माप चुकतं. घट्ट बोल्ट सोडवायला तो वापरायचा नाही. वेल्डिंगचा सिलिंडर ज्याच्या हातात संपला त्याने भरून द्यायचा, हा नियम ऐकायला बरा पण अन्यायाचा आहे. तिघांनी वापरून चौथ्याला शेवटची पाच मिनिटं मिळतात आणि भरणावळ त्याच्या माथी. त्यापेक्षा नेताना आणि आणताना गेजचा आकडा वहीत लिहा आणि तेवढ्याच फरकाचे पैसे घ्या.

टॅप (आटे पाडायचं हत्यार) उसना देताना मात्र माणूस बघा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे आणि तेलाचा थेंब, हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातून टॅप ब्लॉकमध्ये तुटतो. आत तुटलेला टॅप ड्रिलने निघत नाही, कारण तो ड्रिलइतकाच कडक असतो. आणखी एक: कोणी नुसता जॅक मागायला आला तर स्टँडची जोडी सोबत दिल्याशिवाय जॅक देऊ नका. तो नको म्हणाला तरी द्या.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी मी हळूहळू चालती करते आहे. चारही व्हील सिलिंडर नवे बसवले, तरी पेडल स्पंजासारखं खाली जातं. शेजारचे काका मदतीला येतात, त्यांनी पेडल खूपदा जोरात मारून पाहिलं. आता तर पेडल आणखी खाली गेलं.
— एक वाचक, डिचोली

काकांचा हेतू चांगला, पण जोर नडला असणार. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रोजच्या वापरात पिस्टन थोड्याच अंतरात पुढे-मागे होतो; तेवढा भाग गुळगुळीत राहतो आणि त्यापुढच्या भागावर गंज चढतो. हवा काढताना पेडल थेट तळाला मारलं की रबरी सील त्या खरबरीत भागावर घासून फाटतं. म्हणून पेडलखाली दीड-दोन इंचाचा लाकडी ठोकळा ठेवायचा असतो. आता मास्टर सिलिंडर उघडून सील बघा. पिस्टनच्या मागून फ्लुइड पाझरलेलं दिसलं तर नवी किट घाला; आत खड्डे पडले असतील तर सिलिंडरच बदला, खड्ड्यांवर नवं सील महिनाभरही टिकत नाही.

हवा काढण्याआधी चारही चाकांचे ब्रेक शू ड्रमला जेमतेम घासतील इतके अॅडजस्ट करा. शू लांब राहिले तर हवा नसतानाही पेडल खाली जातं आणि आपण उगाच फ्लुइड ओतत बसतो.

मग दोघांचं काम. गाडी उजव्या हाताची, मास्टर सिलिंडर उजवीकडे. म्हणून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काका पेडलवर, तुम्ही चाकाशी. निपलवर (हवा काढायच्या तोटीवर) रिंग पाना आधी चढवा, मग पारदर्शक नळी, नळीचं टोक थोडं फ्लुइड घातलेल्या बाटलीत बुडालेलं. शब्द तीनच. तुम्ही म्हणाल ‘दाब’. काका सावकाश दाबून म्हणतील ‘दाबलं’. तुम्ही निपल पाव फेरा सोडा, बुडबुडे येतील, निपल बंद करा, आणि मगच म्हणा ‘सोड’. निपल उघडं असताना काकांनी पाय उचलला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. म्हणूनच काकांनी ‘सोड’ ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही. दर पाच-सहा दाबांनंतर मास्टर सिलिंडरची टाकी भरा. ती अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

फ्लुइड सीलबंद बाटलीतलंच घ्या. मित्राच्या गॅरेजातली अर्धी उरलेली बाटली प्रेमाने पुढे केली तरी घेऊ नका. ब्रेक फ्लुइड हवेतला दमटपणा शोषतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात उघडलेली बाटली दोन महिन्यांत कामातून जाते. असं फ्लुइड ब्रेक तापले की उकळतं आणि वाफेमुळे पेडल पुन्हा पोकळ. इंजिन ऑईलचा किंवा स्टेअरिंग ऑईलचा थेंबही नको, त्याने रबर फुगतं. रंगावर फ्लुइड सांडलं तर पुसू नका, लगेच पाणी ओता. पुसलं की रंग फडक्याबरोबर येतो.

पोर्तुगीज काळात गोव्यात आलेली मॉरिस मायनर आहे. मित्रांचे पाने आणून काम करतो, पण बोल्टांची डोकी गोल होत चालली आहेत.
— एक वाचक, रायबंदर

मित्रांचे पाने मिलिमीटरचे, तुमचे बोल्ट इंचाचे. १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी, त्याला १३ चा पाना सैल पडतो आणि कोपरे खातो. ७/१६ म्हणजे ११.११ मिमी, त्याला ११ चा चढतच नाही, म्हणून माणूस १२ चा लावतो. ९/१६ ला १४ चढत नाही, १५ गरगर फिरतो. ३/४ ला १९ चा आणि ५/८ ला १६ चा बसतो, तेवढाच काय तो मेळ. ७/१६, १/२, ९/१६ आणि ५/८ असे चार ‘ए एफ’ (इंचाच्या मापाचे) रिंग पाने घेतलेत तर गाडीचं बहुतेक काम निघेल.

आटेही वेगळे. ५/१६ चा बोल्ट ७.९४ मिमीचा, त्यामुळे ८ मिमीचा बोल्ट त्यात दोन फेरे जातो आणि मग आडवा आटा काढतो. कोणी डब्यातून ‘हा बसेल बघ’ म्हणून बोल्ट दिला तर आधी हाताने फिरवा. बोटांनी पाच फेरे जात नसेल तर तो तुमचा नाही. जवळपास कोणाकडे विलीज जीप असेल तर तिच्या मालकाशी मैत्री करा. तिचेही बोल्ट इंचाचे, पाने उसने मिळतील आणि द्यायलाही होतील.

भंगारात मारुती ८०० मिळाली. तिचं इंजिन-गिअरबॉक्स मागे बसवून चौकोनी पाईपची बग्गी बांधतो आहे. मित्र वेल्डर आहे. रस्त्यावर चालवता येईल का? बांधताना काय सांभाळावं?
— एक वाचक, सांगे

रस्त्याचं आधी. नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. नवी चॅसी म्हणजे नवं वाहन. त्याचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून मंजूर व्हावा लागतो, आणि तो खर्च कारखान्यांच्या आवाक्यातला आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकच गाडी तपासून रस्त्यावर आणायची सोय आहे, तिला इंडिव्हिज्युअल व्हेईकल अप्रूव्हल म्हणतात. तिथे छंदाला बहर आहे तो त्यामुळे. आपल्याकडे तशी सोय नाही. मारुतीचा चॅसी नंबर कापून बग्गीला जोडण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा, तो गुन्हा आहे. उलट जुन्या गाडीची नोंदणी रीतसर रद्द करून घ्या. गाडी कायमची बाद झाली की १४ दिवसांत कळवायचं असतं. बग्गी स्वतःच्या कुळागरात, माळावर, मालकाच्या परवानगीने चालवा. समुद्रकिनाऱ्यावर उतरवू नका, पोलीस गुन्हा नोंदवतात.

आता बांधणी. २५ × २५ मिमीचा, १.६ मिमी जाडीचा पाईप हलक्या बग्गीला पुरतो. डोक्यावरच्या रोल बारला मात्र गोल, जाड आणि अखंड पाईप हवा, चौकोनी नको. वेल्डर मित्र खिडक्यांच्या ग्रिल करणारा असेल तर त्याची सवय ३.१५ मिमीच्या रॉडची असते. १.६ मिमी पत्र्याला तो रॉड भोकं पाडतो, मग भोकं बुजवायला वर ढीग लावला जातो. तो दिसतो मजबूत, आत पोकळ. २ मिमीचा ६०१३ रॉड, ५० ते ६० अँपिअर. किंवा मिगला ०.८ ची वायर. पावसाळ्यातले ओलसर रॉड वेल्डमध्ये भोकं धरतात, ते आधी उन्हात नव्हे, ओव्हनमध्ये सुकवा. मित्राला वाईट वाटू न देता एक चाचणी घ्या: त्याच पाईपच्या तुकड्यांचा ‘टी’ जोडा, शेगड्यात पकडा आणि दोन किलोच्या घणाने आडवा पाडा. पाईप वाकला किंवा फाटला तर जोड चांगला. वेल्ड सोलून निघाला तर करंट कमी.

सगळी चौकट आधी सपाट टेबलावर नुसती टाचा (ठिपक्यांनी तात्पुरती जोडा). मग कर्ण मोजा. दोन कर्णांत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर टाचे तोडून पुन्हा. पूर्ण वेल्ड एका कोपऱ्यात बसून संपवू नका. समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून घ्या, नाहीतर चौकट पापडासारखी वळते.

मारुतीचा पुढचा भाग मागे नेला की तीन गोष्टी हटकून चुकतात. पहिली: ती चाकं मुळात वळणारी आहेत. टाय रॉड काढून टाकला की मागची चाकं आपल्या मनाने वळतात, म्हणून स्टेअरिंगच्या त्या दांड्या चॅसीला दोन्ही बाजूंनी घट्ट बांधाव्या लागतात, लांबी कमी-जास्त करता येईल अशा. त्या दांडीचा आतला सांधा खालच्या आर्मच्या आतल्या सांध्याच्या रेषेत असला पाहिजे. तो वर-खाली किंवा आत-बाहेर गेला तर चाक खड्ड्यात उतरताना आपोआप वळतं आणि बग्गीचं ढुंगण फिरतं.

दुसरी: या गाडीत खालच्या आर्मला पुढे-मागे धरून ठेवण्याचं काम स्टॅबिलायझर बार करतो. तो ‘फक्त डोलणं थांबवणारा’ समजून बाहेर ठेवला तर ब्रेक मारल्यावर चाक पुढे-मागे झुलतं. बार तरी घ्या किंवा आर्मला तिरका दुसरा पाय वेल्ड करून त्रिकोण करा.

तिसरी, आणि सर्वांत घातक: जोरकस डिस्क ब्रेक आता मागे आले आणि दुबळे ड्रम पुढे. ब्रेक मारला की मागची चाकं आधी बांधली जाणार आणि बग्गी गिरकी घेणार. पुढे डिस्क असलेलीच जोडी घाला आणि मागच्या लाईनला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावा. ओल्या गवतावर, मोकळ्या जागी, सायकलच्या वेगाने तपासा: पुढची चाकं आधी घसरली पाहिजेत.

रंग मारण्याआधी दुसऱ्या दोघांना बोलवा. तुम्ही आणि वेल्डर मित्र सोडून. ज्याने जोडलं त्याला स्वतःची चूक दिसत नाही. एकाच्या हातात टॉर्च आणि वायर ब्रश, दुसऱ्याच्या हातात खडू. शंका आलेल्या प्रत्येक जोडाला खडूचं वर्तुळ. त्यावर वाद घालायचा नाही, जोड घासून पुन्हा करायचा. रंगाखाली भेगा लपतात.

इंधन टाकीला बारीक भोक आहे. मित्र म्हणतो पाणी भरून वेल्ड करू.
— एक वाचक, वास्को

करू नका. पेट्रोलची वाफ पत्र्याच्या घडीत आणि आतल्या पडद्यांमागे महिनोन् महिने राहते, आणि पाण्यावर जी थोडी पोकळी उरते तेवढी स्फोटाला पुरते. टाकी बदला, किंवा रेडिएटरवाल्याकडे द्या; टाक्या धुऊन, वाफ काढून डाग देणं हे त्याचं रोजचं काम आहे. मित्राची वेल्डिंगची हौस सायलेन्सरवर भागवा.

समुद्राजवळ राहतो. मे महिन्यात पत्रा उघडा करून रेड ऑक्साईड मारला, गणेश चवथीला बघतो तर खालून गंज.
— एक वाचक, हरमल

साधा रेड ऑक्साईड हा वरच्या रंगाचा पाया आहे, तो पाणी अडवत नाही. त्याला बारीक छिद्रं असतात. खारी हवा आणि पावसाची ओल त्यातून पत्र्यापर्यंत पोचते. त्यातून वर ताडपत्री चिकटून बसली असेल तर रात्री आतल्या बाजूला घाम सुटतो आणि तो सुकतच नाही.

आता सगळं खाली घ्यावं लागेल, पण घासण्याआधी गोड्या पाण्याने भरपूर धुवा. मीठ असताना घासलं तर ते खड्ड्यांत दाबलं जातं आणि रंगाखाली पुन्हा उमलतं. मग ८० नंबरचा पेपर, खड्ड्यांतल्या गंजाला फॉस्फरिक आम्लाचा रस्ट रिमूव्हर, पुन्हा पाणी, लगेच कोरडं फडकं आणि गरम हवा. त्यावर त्याच दिवशी दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, डब्यावर दिलेल्या मापानेच मिसळून. पुटी या प्रायमरच्या वर घाला. उघड्या पत्र्यावर घातलेली पुटी स्पंजासारखी पाणी धरते.

हे एकट्याने एका दिवसात होत नाही, म्हणूनच लोक पत्रा ‘उद्यावर’ टाकतात आणि समुद्राजवळ एका रात्रीत तो तांबूस होतो. सावडीला याहून योग्य काम नाही. तीन जण या: एक घासणारा, एक धुऊन सुकवणारा, एक फवारणारा. आणि एका रविवारी एक दरवाजा किंवा एक मडगार्ड, जास्त नाही.

हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांवर असेल तर फवारणी नको, आणि पत्रा दवबिंदूच्या तापमानापेक्षा किमान ३ अंश तरी गरम हवा. जानेवारीतही पहाटे दव असतं, तेव्हा दहाच्या आधी सुरुवात नको. वरचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मात्र घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तोंडाला बांधलेल्या रुमालाने ते थांबत नाही आणि दम्याची कायमची सोबत देऊन जातं. तो बूथवाल्याकडे.

दरवाज्यांच्या आणि खालच्या पेटीच्या पाणी जायच्या भोकांतून वायर घालून ती मोकळी करा, आत कॅव्हिटी वॅक्स मारा. जुनं इंजिन ऑईल ओतायचा सल्ला मिळेल. त्यात आम्ल असतं आणि उरलेलं अंगणात गळतं.

आमचा एक मित्र पेशाने मिस्त्री. दर रविवारी सगळ्यांना फुकट मदत करतो, पैसे देऊ केले तर रागावतो. हल्ली येणं कमी झालंय.
— एक वाचक, कुडचडे

रागावतो तो तोंडदेखला. तुम्ही त्याच्याकडून हाताची मदत आणि पेशाचं काम यांत फरक केला नाहीत. इंजिन उचलताना साखळी धरणं ही सावड. ती कोणीही कोणाची करतो. व्हॉल्व्ह ग्राइंड करणं, गिअरबॉक्स उघडून शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) बसवणं, हा त्याचा पोटापाण्याचा व्यवसाय. सोमवार ते शनिवार तो ज्याचे पैसे घेतो, तेच रविवारी फुकट मागितलं जातंय.

व्हॉल्व्ह, गिअरबॉक्स, डिफरन्शियल ही कामं त्याच्या गॅरेजात, त्याच्या दिवशी, त्याच्या दराने द्या. रविवारी त्याला बोलवाल तेव्हा फक्त बघायला: ‘हे बरोबर बसलंय का?’ एवढ्यापुरतं, तासभर. लेथचं काम असेल तर त्याच्याच ओळखीच्या टर्नरकडे न्या. खाणपट्ट्यात टिपरांच्या कामावर हात बसलेले टर्नर अजून आहेत. ब्लॉकचं बोअरिंग बेळगावला किंवा कोल्हापूरला न्यावं लागलं तर तीन-चार जणांचे ब्लॉक एकदम न्या, चोर्ला घाटाची एकच फेरी. पिस्टन आधी हातात घ्या आणि बोअर त्या पिस्टनच्या मापाने करून घ्या. ‘पुढच्या साईजला मार’ म्हणून ब्लॉक ठेवून आलात तर हमखास त्याच साईजचा पिस्टन बाजारात नसतो.

आणि त्याच्या स्वतःच्या घरी उभी असलेली ती जुनी गाडी? मिस्त्रीची गाडी नेहमी शेवटी होते. एक रविवार सगळ्यांनी तिच्यावर लावा. शागुतीच्या जेवणाचं बघायचं काम तुमचं.

पाचांतला एक जण स्वतःची गाडी पूर्ण झाल्यावर यायचाच बंद झाला. काय करावं?
— एक वाचक, फोंडा

त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तुमची आखणी चुकली. एकेक गाडी संपवत गेलात की पहिल्याचा उत्साह पहिल्यांदा संपणार. गाडीप्रमाणे नव्हे, कामाप्रमाणे रविवार लावा. आधी पाचही गाड्यांचे ब्रेक, मग पाचांची वायरिंग, मग पाचांचा पत्रा. पाचव्या गाडीचं वायरिंग होईपर्यंत कोणाचीच गाडी पुरी होत नाही, आणि तिसऱ्या गाडीपासून हात असा बसतो की पहिल्या गाडीच्या चुका दुरुस्त करायला सगळे आपणहून परततात.

खरेदीलाही हे बरं. वायरिंगच्या महिन्यात १.५ आणि २.५ चौरस मिमीची वायर गुंडाळ्याने घ्या, रंग पाचांनाही तेच ठरवा: अर्थ काळी, हेडलाईट निळी, स्विचनंतरची लाल, असं काहीही, पण एकच. मग रात्री साखळी गावाजवळ गाडी बंद पडली आणि फोन आला तरी समोरच्याला तारा न बघता सांगता येतं की निळी कुठे जाते. हेडलाईटला रिले घाला आणि प्रत्येक फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका ठेवा. फ्यूजच्या आधीची वायर घासून उघडी पडली तर ती जळते, फ्यूज नाही.

न येणाऱ्याला मात्र एकदा निरोप पाठवा. वहीत त्याच्या नावावर किती रविवार आले आणि किती गेले ते लिहिलेलंच असेल. क्रेनही बहुधा त्याच्याच मांगरात असेल.